आजार सांगणाऱ्या वैमानिकाला परतीची वाट लिहून द्या

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाचा अपघात झाला. चार दिवसांनी, 16 जूनला, एअर इंडियाच्या 112 वैमानिकांनी आजारी असल्याचं कळवलं. त्यात 51 कमांडर होते आणि 61 फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. हे आकडे आपणच जुलैमध्ये लोकसभेत दिलेत. त्याच उत्तरात आपण फेब्रुवारी 2023 च्या वैद्यकीय परिपत्रकाची आठवण करून दिलीत. मेडिकलच्या, म्हणजे उडण्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीच्या वेळी वैमानिकांच्या मानसिक आरोग्याकडे नीट लक्ष द्यावं, कंपन्यांनी त्याचं प्रशिक्षण द्यावं, सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार देणारे पीअर सपोर्ट गट उभारावेत, असं ते परिपत्रक सांगतं.

मी त्या 112 जणांत नव्हते. मी दुसऱ्या कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे, ए320 विमान चालवते. त्या आठवड्यात मी ओझरला आईबाबांच्या घरी होते. नैराश्यावर उपचार चालू होते आणि मेडिकलच्या कागदावर ‘टेम्पररी अनफिट’ असा शेरा होता. आज मी पुन्हा उडते आहे. म्हणून हे लिहायचं बळ आहे, आणि ते लिहिणं माझं कर्तव्य आहे असंही वाटतं.

परत कामावर आल्यापासून मला फोन येतात. कधी लेओव्हरच्या, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाच्या, हॉटेलातून रात्री उशिरा, कधी ओळखीतल्या ओळखीने कुणीतरी. आधी हवापाण्याच्या, रोस्टरच्या गप्पा होतात आणि मग आवाज खाली जातो. “तू सांगितलं होतंस ना? मग मी सांगू का?” या प्रश्नाला ‘हो, आजच सांग’ असं मला बेधडक म्हणता आलं पाहिजे. अजून येत नाही. मी म्हणते, “आधी डॉक्टरांना भेट, उड्डाण नको घेऊस.” पण पुढे काय होईल, किती दिवस, पगाराचं काय, परत घेतील का, हे विचारलं की माझ्याकडे सांगायला फक्त माझी एकटीची हकिकत असते. नियम म्हणून हातात ठेवावा असा कागद नसतो.

ती हकिकत आपल्यालाही सांगते.

माझ्या आजाराला एकच एक कारण नव्हतं. लोक कारण विचारतात: घरी काही झालं का, कुणी काही बोललं का, प्रेमभंग वगैरे? तसं काही नव्हतं. रात्रीची उड्डाणं, पहाटेचे रिपोर्टिंग टाइम, उलटीपालटी झोप, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. त्यातून सगळेच आजारी पडत नाहीत. मी पडले. पहाटे तीनला जाग यायची आणि मग डोळा लागायचा नाही. सुट्टीच्या दिवशी अंघोळ करायलाही उठवत नसे. नोटॅम, म्हणजे उड्डाणाआधीच्या सूचना, वाचायचे, पान उलटायचं आणि आत्ता काय वाचलं ते आठवत नसे. लहानपणापासून ज्या गोष्टीसाठी जीव टाकला, त्या उड्डाणाचंही काही वाटेनासं झालं होतं. रडू यायचं नाही. काहीच यायचं नाही.

एका पहाटे पिकअपची गाडी यायच्या आधी मी ऑपरेशन्सला फोन केला आणि मी फिट नाही असं कळवलं. दोन दिवसांनी कंपनीच्या वैद्यकीय विभागाला खरं कारण लिहून दिलं. तेव्हा मी डॉक्टरांना भेटून आले होते. कॉलेज रोडजवळच्या त्या दवाखान्यात त्यांनी मला नऊ प्रश्नांचा कागद दिला होता. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, त्यावर खूण करायची. शेवटचा प्रश्न आपण नसतो तर बरं, असे विचार येतात का, असा आहे. मी खरी खूण केली. डॉक्टरांनी एसिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं आणि आठवड्याला एकदा समुपदेशन.

महोदय, घरच्या लोकांबद्दल थोडं लिहिते, कारण नियम दिल्लीत होतात पण आजार घरात काढावा लागतो.

ओझरमध्ये विमानाच्या आवाजापासून सुटका नाही. एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना तिथे 1964 पासून आहे. मी मिगच्या आवाजात वाढले, नंतर सुखोईच्या. त्या काही महिन्यांत सुखोई डोक्यावरून गेलं की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं, बाहेरचं काही असेल, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या. आईने ते केलं. मला तिचा राग नाही. तिच्या हातात जे होतं ते तिने केलं, आणि माझ्या गोळीची वेळही तिने एकदा चुकू दिली नाही. दुसऱ्या एका नातेवाइकाने बजावलं, लग्नाचं बघताय, तेव्हा हे कुठे बोलू नका. त्याचा मात्र त्रास झाला, कारण त्या दिवसापासून आई दारावरची बेल वाजली की माझी औषधं उचलून कपाटात ठेवू लागली.

बाबा एचएएलमध्ये टेक्निशियन होते. निवृत्त होईपर्यंत विमानं तपासण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. मी कंपनीला कळवलं हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “स्नॅग लिहिला की विमान सुटतं बाळा. लिहिल्यावर ते उभं राहतं, दुरुस्त होतं, तपासलं जातं आणि परत लाइनवर जातं. न लिहिलेल्या स्नॅगची मला रात्री झोप लागायची नाही.” आपल्या खात्याला यापेक्षा वेगळं काही सांगायची गरज नाही असं मला खरोखर वाटतं. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग म्हणजे दोष नोंदवला म्हणून कुठलंही विमान कायमचं बदनाम होत नाही, आणि नोंदवणाऱ्या इंजिनिअरचा पगार कापला जात नाही. यंत्राच्या बाबतीत आपण हे कित्येक वर्षांपूर्वी शिकलो.

माणसाच्या बाबतीत काय होतं ते सांगते. अनफिट झाल्यावर फ्लाइंग अलाउन्स थांबला, आणि वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग तोच असतो. काही काळाने मूळ पगारही रजेच्या नियमांत अडकला. प्रशिक्षणाचं कर्ज मात्र चालू होतं. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आणि टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) धरून खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे जातो, हे धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया इथे मुलं पाठवणाऱ्या कुठल्याही आईबापाला विचारा. बाबांचा पीएफ त्यात गेला होता. लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे परवाना थांबला तर भरपाई देणारा, विमा होता. पॉलिसी काढून वाचली तर मानसिक आजार त्यातून वगळलेला. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 21 सांगतं की वैद्यकीय विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे. पण ते उपचारांच्या खर्चाबद्दल आहे. परवाना थांबल्यामुळे जे उत्पन्न बुडतं त्याचा विमा वेगळा, आणि तिथे पाठीचं दुखणं चालतं, मनाचं चालत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की बरं वाटायला चार ते सहा आठवडे लागतील, आणि बरं वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी सोडायची नाही, नाहीतर आजार उलटतो. मला बरं वाटायला लागलं. झोप आली, भूक आली, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे जायला लागले, मैत्रिणीबरोबर मिसळ खायला गेले आणि ती तिखट लागली, चव लागली. आणि नेमकं तेव्हापासून मी कॅलेंडर बघायला लागले. मला परत उडायची परवानगी मिळणार होती ती गोळी पूर्ण बंद झाल्यावर, आणि त्यानंतरही काही काळ स्थिर राहिल्याचं दिसल्यावर. म्हणजे ज्या गोळीने मला बरं केलं ती चालू असलेला प्रत्येक महिना माझ्या घराला हप्त्यांत मोजावा लागत होता. आजच थांबवली तर दोन महिने वाचतील, हा हिशेब डोक्यात रोज व्हायचा. मी थांबवली नाही, कारण डॉक्टर ठाम होते आणि बाबा ठाम होते. ज्याच्यामागे असं कुणी नाही, तो काय करेल? तो गोळी लवकर सोडेल. किंवा ती सुरूच करणार नाही. किंवा रोखीने दुसऱ्या गावात जाऊन घेईल आणि उडत राहील. यातला प्रत्येक मार्ग प्रवाशांसाठी माझ्या मार्गापेक्षा धोक्याचा आहे, आणि आजची व्यवस्था त्याला तिकडेच ढकलते.

हा भारतापुरता प्रश्न नाही. 2016 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निनावी सर्वेक्षणात मानसिक आरोग्याचे प्रश्न 1,848 वैमानिकांनी भरले होते. नैराश्याच्या निकषात 12.6 टक्के बसत होते. 2022 मध्ये अमेरिकेत 3,765 वैमानिकांना विचारलं गेलं, तर 56 टक्क्यांनी मेडिकल सर्टिफिकेट जाईल या भीतीने कधी ना कधी वैद्यकीय मदत टाळल्याचं सांगितलं. हे लोक उडत होते. आपल्यातलेही उडत असणार.

मला माहीत आहे की हे वाचताना प्रत्येकाच्या मनात जर्मनविंग्ज येतं. यायलाच हवं. 24 मार्च 2015 ला त्या जर्मन कंपनीच्या को-पायलटने प्रवासी विमान मुद्दाम आल्प्सच्या डोंगरावर घातलं आणि 150 माणसं गेली. त्या कृत्याला कुठलंही कारण पुरत नाही, आणि बहुसंख्य नैराश्यग्रस्त माणसं कुणालाही इजा करत नाहीत. पण फ्रान्सच्या तपास संस्थेने नंतर जो अहवाल दिला तो पूर्ण वाचावा, ही माझी विनंती आहे. त्या माणसाला डॉक्टरांनी कामावर जाऊ नको असं लिहून दिलं होतं आणि त्याने ते कंपनीला कळवलं नाही. त्याच्यावर प्रशिक्षणाचं कर्ज होतं, आणि परवाना गेला तर उत्पन्नाचं पुरेसं संरक्षण नव्हतं, याचीही त्या अहवालाने दखल घेतली. पुढच्या शिफारशींत पीअर सपोर्ट होता, आणि परवाना गमावल्यावर येणारं आर्थिक संकट कमी करण्याचा मुद्दाही होता. युरोपात फेब्रुवारी 2021 पासून विमान कंपन्यांना पीअर सपोर्टची व्यवस्था देणं बंधनकारक झालं. इतक्या भयंकर घटनेतून त्यांनी लोकांना बोलतं करायचा धडा घेतला.

नैराश्याच्या औषधाबद्दलही जगाने वाट काढली आहे. ऑस्ट्रेलियात 1987 पासून, प्रत्येक केस तपासून, औषध चालू असलेल्या वैमानिकांना उडू दिलं जातं. तिथल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा वैमानिकांच्या अपघातांत इतरांपेक्षा फरक आढळला नाही. अमेरिकेने 2010 मध्ये चार औषधांना अटींसह मान्यता दिली, सुरुवातीला बारा महिने स्थिर राहण्याची अट घालून. ती मुदत पुढे कमी केली. त्या चार औषधांत एसिटॅलोप्रॅम आहे, म्हणजे माझीच गोळी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट 1 सुद्धा असंच सांगतं: औषध चालू असलेला अर्जदार अनफिट, पण सगळी माहिती पाहून वैद्यकीय मूल्यमापकाला धोका वाटत नसेल तर त्याला फिट ठरवता येतं. दार बंद नाही. कुणी, कधी, कोणत्या कागदांवर ते उघडायचं, हे ठरवून लिहायचं आहे.

मला सवलत नको आहे. आजारी असताना मी कॉकपिटमध्ये बसायला नको होतं आणि बसले नाही. तपासणी कडक असावी. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये माझी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले, झोपेबद्दल, घराबद्दल, मी पूर्वी टाळलेल्या विषयांबद्दलही. तो तास मला अपमानाचा वाटला नाही. आपल्याला नीट बघितलं जातंय असं वाटलं.

परत येण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून तेही लिहिते. 90 दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग हा रिसेन्सीचा, म्हणजे सराव ताजा असण्याचा, नियम माझ्या बाबतीत केव्हाच मागे पडला होता. त्यामुळे आधी सिम्युलेटर, म्हणजे सिम. पहिल्या सत्रात ट्रेनरने व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर टेक-ऑफ थांबवता येत नाही तिथे, एक इंजिन बंद केलं. माझा पाय रडरवर गेला, नाक सरळ राहिलं, विमान उचललं, आणि तोंडातून कॉल्स जसे बाहेर पडायला हवे तसे पडले. हात विसरले नव्हते. त्या ट्रेनरने सत्राआधी मला एकच प्रश्न विचारला होता, “झोप झाली का नीट?” तो हे सगळ्यांनाच विचारतो. त्या दिवशी मला वेगळी वागणूक दिली नाही, याबद्दल मी त्याची आयुष्यभर ऋणी राहीन.

सिम संपलं, मग ट्रेनरबरोबर लाइनवरचे सेक्टर, मग नेहमीचं रोस्टर. अवघड होतं ते क्रू रूममध्ये शिरणं. मी आत गेले की बोलणं थांबायचं. काहीजण जास्तच काळजीने बोलायचे. एका कॅप्टनने मात्र ब्रीफिंगच्या आधी बाजूला घेऊन सरळ विचारलं, गोळ्या चालू आहेत का? मी म्हटलं, नाही, बंद झाल्या, ही मेडिकल बोर्डाची तारीख. ते “बरं” म्हणाले आणि आम्ही इंधनाचं बोलायला लागलो. उड्डाण चांगलं झालं. उतरल्यावर बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “मलाही कुणाला तरी भेटायला हवंय. वर्ष झालं.” एवढा अनुभवी माणूस. त्यांना मेडिकल सेलचा नंबर माहीत होता, कंपनीच्या पीअर सपोर्टचं पोस्टर त्याच बसथांब्यावर लावलेलं होतं. पण तिथे फोन केला तर तो मनुष्यबळ विभागापर्यंत जातो का जात नाही, हे त्यांना कुणीच खात्रीने सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

म्हणून आपल्याकडे मागणी आहे. 2023 च्या परिपत्रकातला पीअर सपोर्ट सल्ल्यापुरता राहू नये, तो बंधनकारक व्हावा. तो कंपनीच्या हाताबाहेर असावा, आणि कोणती माहिती गुप्त राहील आणि कोणत्या क्षणी ती पुढे जाईल, हे फोन करणाऱ्याला आधीच छापील स्वरूपात मिळावं. गुप्ततेचा हक्क 2017 च्या कायद्यातल्या कलम 23 ने रुग्णाला दिलेलाच आहे. वैमानिकालाही तो आहे आणि त्याची सीमा कुठे, एवढंच स्पष्ट करायचं आहे. मन मोकळं करायला समुपदेशकाकडे गेलेल्या, आजाराचं निदान नसलेल्या वैमानिकाला मेडिकलची भीती वाटू नये. आणि निदान झालं तर त्याच दिवशी त्याच्या हातात परतीची वाट लिहून द्यावी: कोणत्या टप्प्यावर कोण तपासणार, फाइलवर किती दिवसांत निर्णय होणार, कोणती औषधं चालू ठेवून उडता येईल, निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल. आजारी माणसाला अनिश्चितता सोसत नाही.

पैशाचं टाळू नका. लॉस ऑफ लायसन्स विम्यातून मानसिक आजार वगळता येणार नाही, अशी तरतूद अर्थ मंत्रालय आणि विमा नियामकाशी बोलून करता येईल. अनफिट वैमानिकाला जमिनीवरचं काम देता येतं. सिममध्ये, सेफ्टी विभागात, प्रशिक्षणात, रोस्टरिंगमध्ये माणसं लागतातच. मला कुणी ते देऊ केलं असतं तर मी धावत गेले असते. दिवसभर घरात बसून पंख्याकडे बघत राहण्यापेक्षा कामाने माणूस लवकर सावरतो.

आणि एक गोष्ट नाशिकची म्हणून मागते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या शहरात, म्हसरूळला आहे. ओझरला विमानं बनतात, गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक शिकतात, धुळे-शिरपूरला सीपीएलची मुलं उडतात. वैमानिकांचं काम समजणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक तयार करायला याहून चांगली जागा कोणती? माझ्या डॉक्टरांना फ्लाइट ड्यूटी म्हणजे काय, हे मलाच समजावून सांगावं लागलं. त्यांनी आस्थेने ऐकलं, पण ज्या दिवशी मला दोन वाक्यं धड जोडता येत नव्हती त्या दिवशी ते समजावणं जड गेलं. विद्यापीठ आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांनी मिळून एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला तरी पुढच्या वैमानिकाला ते करावं लागणार नाही.

अहमदाबादनंतर चौकशी पूर्ण व्हायच्या आत टीव्हीवर वैमानिकाच्या मनःस्थितीची ज्या पद्धतीने चर्चा झाली, ती मी घरात बसून बघितली. गोळी हातात होती. मनाचा आजार जणू गुन्ह्याचा पुरावा आहे, असं बोललं जात होतं. त्या दिवसांत किती वैमानिकांनी डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द केली असेल, याचा विचार मी अजूनही करते. आपण त्या खुर्चीवरून एकदा जाहीरपणे म्हणालात की उपचार घेणारा वैमानिक हा जबाबदार वैमानिक आहे, तर ते कुठल्याही परिपत्रकापेक्षा लवकर क्रू रूममध्ये पोहोचेल.

सिंहस्थासाठी ओझर विमानतळाची कामं चालू आहेत. त्या निमित्ताने आपलं इकडे येणं झालं, तर अर्धा तास या विषयासाठी वेगळा ठेवावा. कॅमेरे नकोत, निवेदन देण्याचा कार्यक्रम नको, एक बंद खोली पुरे. मी येईन. माझ्याबरोबर आणखी काहीजण येतील, पण त्यांची नावं आधी कळवता येणार नाहीत, कारण त्यांनी अजून कुठेच काही सांगितलेलं नाही.

मंत्रालयाकडे पाठवलेल्या प्रतीवर माझं नाव, लायसन्स क्रमांक आणि फोन लिहिला आहे.

कळावे,
आपली,
ओझरची एक फर्स्ट ऑफिसर
(जि. नाशिक)